मोजे धुऊ नकोस

पुणे, ९ नोव्हेंबर

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा आली. यादी दोनदा वाचली. वेताळ टेकडीवर सात रविवार घालवून एकशे बारा झाडाझुडपांची नावं लिहून काढलीस, हे काही कमी नाही. तुझ्या वयाची मुलं रविवारी दहापर्यंत पांघरुणातून बाहेर येत नाहीत. शेवटी तू गमतीने लिहिलं आहेस की मोज्यांत इतकी कुसळं घुसली की आईने ते घरात आणू दिले नाहीत, आता टाकूनच देणार. आणि मग विचारतोस, मॅडम, पुढे काय करू?

आधी ते मोजे टाकू नकोस. धुऊही नकोस. तुझ्या यादीत जे नाही ते त्या मोज्यांत आहे.

कुसळी गवताचं एक कुसळ ओढून काढ. ते पुढच्या बाजूने सहज निघेल, मागे मात्र येता येणार नाही. टोकाला सुईसारखा टोकदार दाणा, त्यावर उलट्या दिशेने वळलेले बारीक तांबूस केस, आणि मागे लांबलचक काळपट शेपूट, सुतळीसारखा पीळ पडलेली. ते बशीत ठेव आणि शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोड. थोड्याच वेळात शेपूट हलायला लागेल, पीळ सुटत सुटत घड्याळाच्या काट्यासारखी फिरेल. वाळली की पुन्हा उलटी फिरून पीळ घट्ट होईल. टेकडीवर रात्री दव पडतं, दिवसा ऊन तापतं. दवाने एक फेरी, उन्हाने एक फेरी, असं करत ते बी स्वतःला मातीच्या भेगेत खुपसून घेतं. उलटे केस त्याला मागे सरू देत नाहीत. तुझ्या मोज्यालाही ते मातीच समजलं.

आता विचार कर, मोज्यांच्या आधी काय होतं? मेंढीची लोकर, लांडग्याची शेपटी, सशाचे पाय. दिवाळीनंतर धनगर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत देशावर चढतात. त्या वाटेवर किती कुसळं आली-गेली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मेंढपाळाला मात्र ही गोष्ट पक्की ठाऊक असते. कुसळ कातडीत रुतलं की मेंढी कशी खंगते ते तो तुला नीट सांगेल. त्याला विचार. आमच्या पिढीने ते फार कमी केलं.

आता यादीकडे येते. तू वहीचे दोन रकाने केलेस, ‘देशी’ आणि ‘विदेशी’. सगळे असंच करतात, मीही केलं होतं. पण हे दोन शब्द विचार सुरू करायच्या ऐवजी संपवून टाकतात. झाडापुढे ‘देशी’ लिहिलं की आपण पुढच्या झाडाकडे वळतो. ते इथे कधीपासून आहे, कुठून आलं, कुणी आणलं, की इथेच घडलं, हे प्रश्न रकान्याखाली दबून जातात. तू चिंच ‘देशी’मध्ये टाकली आहेस. चिंचेचं मूळ घर आफ्रिका. ती इतक्या जुन्या काळी आली की आपल्या म्हणींत, आमटीत आणि भुतांच्या गोष्टींत जाऊन बसली. सीताफळ ‘देशी’मध्ये आहे, कारण सासवडच्या बाजारात पाट्या भरभरून येतं, ते अमेरिकेतलं. गुलमोहर तू बरोबर ‘विदेशी’मध्ये टाकलास, पण का, ते लिहिलं नाहीस. तो मादागास्करचा, आणि शेजारच्याच ओळीतला नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. एकाच रकान्यात बसलेल्या या दोघांच्या घरांमध्ये अख्खी आफ्रिका आणि अटलांटिक महासागर आहे.

आणि रागावू नकोस, पण एकादशीला तुझ्या आजीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाशील तेव्हा ताटात नीट बघ. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे अमेरिका खंडांतलेच. पोर्तुगीज जहाजं येईपर्यंत यातला एकही जिन्नस इथे नव्हता. जिरं भूमध्य सागराच्या बाजूचं. त्या खिचडीत आपलं म्हणावं असं एक तूप उरतं. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तरीसुद्धा कांदा चालणार नाही.”

तेव्हा दोन रकाने खोड आणि प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न लिही. एक, हे इथे जगू कसं शकतं? दुसरा, हे इथे पोचलं कसं? बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात. हवा मानवली, माती मानवली, झालं. पण हवा-माती मानवणाऱ्या शंभर गोष्टी जगात दुसरीकडे आहेत आणि इथे नाहीत. आपला विषय खरा सुरू होतो तो दुसऱ्या प्रश्नापासून.

पुण्यात राहून हा प्रश्न टाळताच येत नाही, याचं कारण तुझ्या पायाखाली आहे. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या काठावर उभा राहा. समोर काळा कातळ दिसतो तो सगळा थिजलेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांमधून लाव्हा उसळला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर चढत गेले. आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. म्हणजे त्या काळात पुणे, नगर, सातारा, नाशिक या भागात जे काही रान होतं ते जळून, गाडलं जाऊन संपलं. सह्याद्रीच्या या भागात आज जे जे उभं आहे, त्या प्रत्येकाचे पूर्वज त्यानंतर कुठून तरी इथे आले. वड असो, बिबटा असो, गोगलगाय असो. या जमिनीवर मूळ रहिवासी कुणीच नाही, सगळे नंतर येऊन घर करणारे. देशी-विदेशी वादात मला हे वाक्य फार उपयोगी पडलेलं आहे, पण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस. मी टाकून पाहिलं आहे.

जळालेल्या जमिनीवर पहिलं कोण येतं? इंडोनेशियातलं क्राकाताऊ बेट १८८३ साली स्फोटाने उद्ध्वस्त झालं. नऊ महिन्यांनी तिथे गेलेल्या मंडळींना सजीव म्हणून काय सापडलं, तर एक चिमुकला कोळी, जाळं विणत बसलेला. खायला कुणी नाही, आणि हा जाळं विणतोय! वाऱ्यावर तरंगत आला असणार. पुढे समुद्रावरून बिया आल्या, पक्षी आले, वटवाघळं आली, त्यांच्या पोटातून उंबराच्या जातीची झाडं आली आणि काही दशकांत बेट हिरवंगार झालं.

दख्खनचं प्रकरण याच्या कितीतरी पट मोठं, पण त्यातही उसंत होती. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे काळ्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात लाव्ह्याचा वरचा भाग झिजून त्याची माती झाली, तो हा पट्टा. पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली त्यांचं वर्णन छापून आलं. म्हणजे ज्वालामुखीने जरा दम घेतला की तळी साचत होती आणि तळ्यांत बेडूक येत होते. कुठून येत होते? जवळपास कुठे तरी जिवंत रान शिल्लक असल्याशिवाय नाही.

ते रान बहुधा दक्षिणेला. लाव्ह्याची चादर बेळगाव-गोव्याच्या आसपास संपते. तिच्या दक्षिणेचा सह्याद्री फार जुन्या खडकांचा आहे आणि तो या आगीतून वाचला. घोणींच्या वंशावळींचा जनुकीय अभ्यास झाला आहे. घोण म्हणजे ती मोठी विषारी गोम, पावसाळ्यात बाथरूममध्ये निघते ती. त्यात असं दिसलं की दक्षिण सह्याद्रीतल्या शाखा जुन्या आहेत आणि उत्तरेकडच्या तुलनेने नव्या. आसऱ्याला राहिलेले जीव परिस्थिती निवळल्यावर उत्तरेकडे सरकले, असा त्याचा अर्थ लावतात. तेव्हा पुढच्या वेळी घोण दिसली तर चप्पल उचलायच्या आधी तिच्या घराण्याचा विचार कर. मग हवं तर उचल.

यावरून उत्तर सह्याद्री म्हणजे उसनं रान, असं मात्र समजू नकोस. आलेल्यांनी इथल्या कड्यांवर, सड्यांवर आपलं वेगळं घराणं थाटलं. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती महाराष्ट्राबाहेर कुठेच उगवत नाहीत.

आता जरा लांब जाऊ. आपली जमीन स्वतःच प्रवासी आहे, हे शाळेत शिकलास. १६ कोटी वर्षांच्या आसपास भारत आणि मादागास्कर जोडीने आफ्रिकेपासून सुटले, ९ कोटींच्या सुमारास मादागास्कर मागे राहिलं, साडेसहा कोटींच्या सुमारास सेशेल्सची बेटं सुटली आणि भारत एकटा उत्तरेला सरकत साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन भिडला. २००३ साली केरळच्या इडुक्की भागातून एका जांभळ्या बेडकाचं वर्णन प्रसिद्ध झालं. गोल फुगीर अंग, डुकरासारखं नाक, वर्षभर जमिनीखाली राहून पावसात फक्त थोडे दिवस वर येणारा. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक कुठे, तर समुद्रापलीकडे सेशेल्सवर. बेडकाला खाऱ्या पाण्यात पोहता येत नाही. इथे जमीनच तुटली आणि भावंडं दोन तुकड्यांवर राहिली. भारताला नोआची नौका, म्हणजे बायबलमधली प्रलयातून प्राणी वाचवून नेणारी नाव, म्हणायची पद्धत आहे ती अशांमुळे.

आणि इथेच तुला सावध करायचं आहे. ही जमीन तुटल्याची गोष्ट इतकी देखणी आहे की ती सगळीकडे लावायचा मोह होतो. गोरखचिंचेचं बघ. तिच्या आठ जाती: सहा मादागास्करमध्ये, एक आफ्रिकेत, एक ऑस्ट्रेलियात. नकाशा बघून कुणीही म्हणेल, खंड एकत्र होते तेव्हाची ही झाडं. पण जनुकांवरून वय काढलं तर ऑस्ट्रेलियातली जात खंड फुटल्यानंतर कितीतरी काळाने वेगळी झालेली निघते. तिचं कडक कवचाचं फळ समुद्रावर तरंगत गेलं असणार. आणि आपल्याकडची गोरखचिंच? ती आफ्रिकेतली जात, माणसांनी आणलेली. एकाच झाडाच्या गोतावळ्यात समुद्राने वाहून नेलेलं एक आणि गलबतातून आलेलं एक. म्हणून सवय लाव: जमीन तुटली की पाहुणा आला, दोन्ही शक्यता लिहायच्या आणि मग विचारायचं, तारीख काय सांगते?

या विषयाशी पुण्याचं नातं जुनं आहे. लॉ कॉलेज रस्त्याजवळची आघारकर संशोधन संस्था तुला माहीत आहे. ती ज्या रस्त्यावर आहे तो आगरकर रस्ता, समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची. ‘ग’ आणि ‘घ’ यांच्या या गोंधळात किती पत्रं भरकटली असतील देव जाणे. हे आघारकर मूळ मालवणचे. १९११ साली त्यांना सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीतल्या नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडली. जेलीफिश म्हटलं की समुद्र, आणि ही डोंगरातल्या नदीत! त्याहून नवल असं की त्या प्रजातीतले जीव तोवर आफ्रिकेतच ठाऊक होते, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी. मग ही इथे कशी? जमीन तुटली म्हणून? की तिचं खडकाला चिकटून राहणारं बारीकसं रूप पाणपक्ष्याच्या पायाला लागून आलं? तुझा दुसरा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच घाटात कुणाच्या तरी हातात ओला होऊन पडला होता. पुढे आघारकर जर्मनीला गेले, पहिल्या महायुद्धात तिथे अडकले, आणि बर्लिनला त्यांनी प्रबंध लिहिला तो वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनींवरच्या वनस्पती पसरतात कशा आणि आल्या कुठून यावर. तुझे मोजे त्यांना आवडले असते.

प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचं नावही वहीत लिहून ठेव. पूर्व हिमालयातल्या ओढ्यांमधल्या, खडकाला धरून राहणाऱ्या माशांची भाईबंदं सह्याद्रीत कशी, या प्रश्नाला त्यांनी १९४० च्या दशकात उत्तर दिलं: सातपुड्याच्या रांगेवरून, तिथे कधी काळी जास्त पाऊस असताना. या कल्पनेला पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. पण वाट कुठली असेल ते नकाशावर बोट ठेवून सांगायचं धाडस त्यांनी केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता एक सहल. पुस्तकं ठेव, एसटी पकड. एका शनिवारी ताम्हिणीला जा, रविवारी सुप्याला, मयूरेश्वर अभयारण्यात. ताम्हिणीत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. ढग डोंगर चढताना तिथेच रिकामे होतात, पुण्यापर्यंत सातशेच्या आसपास उरतो, सुप्याला त्याहूनही कमी. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत तू अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या मिट्ट सावलीतून निघून बाभळी-हिवराच्या विरळ माळावर येतोस आणि समोर चिंकारा उभा असतो. पहिल्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे मिळणं अवघड. पाऊस मोजायचा, झाडं मोजायची.

त्या माळाला ‘पडीक’ म्हणू नकोस एवढीच विनंती. हे मी चिडून लिहिते आहे, समजून घे. काही वर्षांपूर्वी शहराजवळच्या एका टेकडीच्या माथ्यावर, मी पंधरा पावसाळे बघत होते त्या गवताळ तुकड्यावर, एका मोठ्या संस्थेने वृक्षारोपण ठेवलं. टोप्या, बॅनर, चहा. कातळावर वीतभर माती, तिच्यात आभाळी उगवायची, मुसळी उगवायची, एका कोपऱ्यात कंदीलपुष्पाचे तीन वेल होते, चंडोल जमिनीवर अंडी घालायचे. मी गेले तेव्हा दीड-दोन फुटांचे खड्डे ओळीने खणून झाले होते. एका मुलाने मला हसून रोपही दिलं. त्याचा काय दोष! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की गवत हेही रानच असतं आणि तिथे झाड नसणं ही उणीव नाही. त्या रोपांपैकी बहुतेक पुढच्या मे महिन्यात वाळली. वेल मात्र परत आले नाहीत.

तुझ्या यादीत सर्वांत जास्त वेळा आलेलं झाडही असंच लावलेलं आहे: गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. तिकडे स्पॅनिशमध्ये नाव आहे ‘माता रातोन’, अर्थ तोच. झाडासोबत गुणही आला आणि नावही. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून ते लावलं, आता ते कुणी लावायची वाट बघत नाही. उन्हाळ्यात त्याच्या शेंगा तडकतात तेव्हा थांबून ऐक. बी लांब उडून पडतं.

गाजरगवताबद्दल तू लिहिलं आहेस, “अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आलं.” हे सगळेच लिहितात. पण तारखा लाव. भारतातली त्याची गाजलेली नोंद पुण्यातलीच आहे, १९५६ साली छापून आलेली. पीएल-४८० हा अमेरिकेचा धान्यमदतीचा कायदा, त्याखाली भारताशी करार झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. गहू चढवायचा, उतरवायचा, बी सांडायचं, उगवायचं, कुणी वनस्पतीशास्त्रज्ञाने बघायचं, लिहायचं आणि छापायचं, एवढं सगळं चार महिन्यांत? १९५१ मध्येही अमेरिकेतून मदतीचं धान्य आलं होतं, तेव्हा गव्हाचा संशय पुसला जात नाही. पण कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या १८१४ सालच्या यादीतही हे नाव आहे. म्हणजे गोष्ट आपण समजतो तितकी सरळ नाही. ते वाक्य खोड, आणि त्याजागी या तारखा लिही. मार्क कमी पडले तर मला सांग.

यादीत जे नाही त्याचीही एक यादी कर. शिंदळमाकुडी घे. रसाळ मांसल खोड, किरमिजी चांदणीसारखं फूल, उघड्या कड्यांच्या कपारीत वाढते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा थोड्याच ठिकाणी, जगात आणखी कुठे नाही. तिच्या बीला रुईच्या म्हातारीसारखा रेशमी पिसारा असतो, वाऱ्यावर सहज उडतं. मग या डोंगरांच्या मधल्या एवढ्या कड्यांवर ती का नाही? तिथे बी पोचत नाही, की पोचतं पण रुजत नाही, की रुजतं आणि शेळ्या, वणवे, हौशी माणसं त्याला टिकू देत नाहीत? तीन वेगवेगळ्या प्रश्नांची तीन वेगवेगळी कामं. तुझ्या पुढच्या तीन वर्षांची सोय झाली.

एक माझी चूक सांगते आणि थांबते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये सिंहगडावर मी कंदीलपुष्पाचा एक वेल गोळा केला. नीट दाबला, वाळवला, कागदावर चिकटवला. चिठ्ठीवर लिहिलं, “सिंहगड, ऑगस्ट १९८७.” पाऊस कोसळत होता, शेवटची बस गाठायची होती. बारा वर्षांनी एका अभ्यासकाने तो कागद बघून विचारलं, कल्याण दरवाज्याच्या बाजूला की पुणे दरवाज्याच्या? उतारावर की कड्यावर? उंची? मला काहीही आठवेना. पुढचे तीन पावसाळे मी गडाला प्रदक्षिणा घालत होते, वेल काही दिसला नाही. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, फूल सुरेख वाळलं आहे आणि त्याचा उपयोग शून्य. वनस्पती कुठे होती हेच आपल्या विषयात अर्धं उत्तर असतं, आणि मी नेमकं तेच लिहिलं नव्हतं. तुझ्या हातात फोन आहे, अक्षांश-रेखांश फुकट मिळतात. उतार कुठल्या दिशेला, सावली किती, शेजारी कोण, हे मात्र फोन लिहीत नाही, ते तू लिही. कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे रीतसर पत्र देऊन जा आणि जुने नमुने बघ. फुलं नंतर, आधी चिठ्ठ्या वाच.

आता मोजे. डार्विनने एका डबक्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घेतला, अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवला आणि उगवलेलं एकेक रोप उपटत मोजत गेला. ५३७ भरली. असा चिखल पाणपक्ष्यांच्या पायाला लागून किती बिया लांब जात असतील, असं त्याला दाखवायचं होतं. तू चिखलाऐवजी मोजे घे. एक मोजा कात्रीने उघडून कुंडीत मातीवर पसर, वरून बोटभर माती टाक. दुसरा पिशवीत घालून वर तारीख आणि वाट लिहून ठेव: कुठल्या फाटकाने चढलास, खाणीपर्यंत कसा गेलास, कुठे बसलास. कुसळी गवताचं बी लगेच रुजत नाही, काही महिने निजून राहतं. तेव्हा घाई नको, जूनपर्यंत वाट बघ. गवतच येईल असंही समजू नकोस. आघाडा येईल, गोखरू येईल, कदाचित गाजरगवतही.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. गच्चीतली तुळशीशेजारची मोठी कुंडी मी तुझ्यासाठी रिकामी करून ठेवते. तुमच्या गॅलरीत ती ठेवलीस तर आई फेकून देईल, आणि तिचं चुकणारही नाही.

तुझी,
मॅडम

ता. क. येताना आईला विचारून ये, मोजे कुठल्या कोपऱ्यात झटकले होते. तिथेही जूनमध्ये बघायला हवं.